पेंचच्या पाण्यावरचा एक दिवस

डिसेंबरातली पहाट, साडेतीन वाजलेत. कोराडीच्या वीज केंद्राची घरघर एरवी तुम्हाला ऐकूच येत नाही, कारण ती लहानपणापासून कानात बसली आहे. आज येते, कारण बाकी गाव झोपलंय. चिमण्यांच्या टोकावरचे लाल दिवे धुक्यात विरघळल्यासारखे दिसतात. तलावाच्या बाजूनं गार वारा येतो आणि मफलरच्या आत शिरतो.

गाडीत बसण्याआधी तुम्ही देवळाच्या दिशेनं हात जोडता. कोराडीची जगदंबा दिवसातून तीन रूपं दाखवते, असं इथं सगळे मानतात. सकाळी कुमारिका, दुपारी तरुणी, रात्री वृद्धा. मूर्ती जागची हलत नाही, तिचं वय मात्र तिच्यावरून सरकत जातं. आज तुमच्या वाट्याला आलेला दिवस तसाच आहे. रस्ता हाच, रान हेच, नदी हीच. फक्त तुम्ही खिडकीची काच खाली कराल, तेव्हा बाहेरचं साल बदललेलं असेल. शाल घट्ट घ्या.

कामठी मागे पडते. कन्हानच्या पुलावर गाडी येते. खालच्या पाण्यात पेंचही आहे, ती वर बिना संगमाशी कन्हानला मिळून आलेली असते. ज्या रानात तुम्ही वाघ बघायला निघालात, त्या रानाचं पाणी तुमच्या भेटीला इतक्या जवळ आलेलं आहे. तुम्ही काच खाली करता.

पूल नाही. दिवे नाहीत. बैलांच्या घुंगरांचा आवाज, ओल्या वाळूत रुतणारी चाकं आणि पुढच्या गाडीवानाच्या हातातली धुरकट मशाल. १८६७ साल आहे. मुंबईकडून आलेली आगगाडी याच वर्षी नागपूरला पोहोचली. रुळांखाली टाकायला लाकूड हवं, म्हणून सातपुड्याच्या रानात कुऱ्हाडी चालू आहेत. तुमच्या गाडीत सागाचे ओंडके आहेत. मशाल उजेडासाठी कमी आणि वाघासाठी जास्त आहे. गाडीवान बैलांशी बोलतो, स्वतःशी बोलतो, गप्प मात्र बसत नाही. या काळात सरकारदरबारी वाघ म्हणजे उपद्रव. मारलेला वाघ दाखवावा आणि बक्षीस घेऊन जावं. पुढे उत्तरेला शिवनीचे डोंगर आहेत. तीस वर्षांच्या आत रुडयार्ड किपलिंग याच डोंगरांत मोगलीला वाढवील, आणि जगभरची मुलं शेरखानचा द्वेष करायला शिकतील. किपलिंगच्या वाघावर माझा राग आहे, तो लहानपणापासूनचा. पण आत्ता इथं नदीच्या उतारावर, मशाल विझत आलेली असताना, त्या गाडीवानाची भीती खोटी म्हणवत नाही.

तुम्ही काच वर करता.

मनसर येतं आणि जातं. पूर्वेला रामटेकची टेकडी उजळू लागली आहे. पवनीला गाडी डावीकडे वळते, डांबर संपतं, आणि तुम्ही पुन्हा काच खाली करता.

१९५५ चा हिवाळा. नागपूर अजून जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी आहे, महाराष्ट्र जन्माला यायला पाच वर्षं बाकी आहेत. सोनेगावच्या विमानतळावर रात्री चारी दिशांनी टपालाची विमानं येतात आणि थैल्यांची अदलाबदल करून परत उडतात. नागपुरात ऑल्विन कूपर नावाची कंपनी आहे, पुढे केंद्रात मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्ल यांनी मॉरिस कॉलेजातून बाहेर पडल्यावर काढलेली. परदेशी पाहुण्यांना मध्य भारताच्या रानात सफारीला नेणं हा तिचा धंदा. सफारी हा शब्द आफ्रिकेतून फिरून आला, पण मूळचा अरबी. आपल्या ‘सफर’चं आणि त्याचं मूळ एकच, अर्थ एवढाच की प्रवास. या काळात त्या प्रवासाच्या शेवटी बंदूक असते, आणि ती कायद्यानं रीतसर परवाना काढून आणलेली असते.

तुम्हाला वाटलं असेल, आपण मचाणावर बसू. नाही. तुमच्या एका हातात काठी आहे, दुसऱ्या हातात रॉकेलचा रिकामा डबा. तुम्ही हाकाऱ्यांच्या रांगेत आहात. तुमच्या उजव्या हाताला एक म्हातारा गोंड आहे, अंगावर एकच घोंगडी. सकाळी गावातून निघताना वाघदेवाच्या दगडाशी तो थांबला होता. त्यानं शेंदूर लावला, हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मागितलं. कुणासाठी मागितलं, ते तुम्ही विचारलं नाही.

काल संध्याकाळी नाल्याच्या काठावर एक कोवळा हेला बांधला होता. पहाटे तिथं तुटलेली दोरी सापडली आणि गवतातून ओढत नेल्याची रुंद वाट. गारा झाला, म्हणजे वाघानं आमिष मारलं. यापुढचं शिकाऱ्याला एवढंच माहीत असावं लागतं की पोटभर खाल्लेला वाघ ऊन चढल्यावर पाणी आणि सावली सोडून लांब जात नाही. म्हणजे तो त्या जांभळीच्या गर्द पट्ट्यात पडला असणार. नाल्याच्या अरुंद तोंडाशी मचाण बांधलं आहे, दुसऱ्या टोकाला तुम्ही. आणि दोन्ही बाजूंना, मचाणाकडे निमुळती होत जाणाऱ्या दोन ओळींत, झाडांवर माणसं बसवली आहेत. त्यांनी ओरडायचं नाही. वाघ त्यांच्या बाजूनं निसटू लागला, तर कुऱ्हाडीच्या दांड्यानं खोडावर एकदा टक् करायचं. बस्स, एकदाच. तेवढ्या आवाजानं वाघ तोंड फिरवतो.

या सगळ्या तपशिलात मला हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते. रानातला सगळ्यात बलवान जीव, आणि लाकडावरच्या एका टकटकीनं तो वाट बदलतो. कारण माणसाला टाळणं हा त्याचा स्वभाव आहे. अख्खा हाका त्याच्या या स्वभावावर उभा असतो.

शिट्टी होते. तुम्ही डबा बडवू लागता. पन्नास माणसं ओरडतात, काठ्या झुडपांवर आपटतात. आधी मोर उडतात, जड, किंचाळत. मग चितळांचा कळप तुमच्याच रांगेतून मागे फुटून जातो. एका पाडसाचे खूर तुमच्या पायाला घासून जातात. रानडुक्कर. मग काहीच नाही. आणि त्या काहीच नाहीमध्ये डावीकडून एक बारीक आवाज येतो. टक्.

म्हातारा ओरडायचा थांबतो. तुमचाही हात डब्यावर थांबतो. पिवळ्या गवताचा एक भाग बाकीच्या गवतापेक्षा वेगळा हलतो आणि उजवीकडे, मचाणाकडे, वळतो.

गोळीचा आवाज तुम्ही समजला होतात त्याहून लहान असतो. दुसरा होतो. त्यानंतर नाल्यात पाण्याचा आवाज येऊ लागतो. तो आधीपासून येत असणार.

वाघीण आहे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत फीत लावून तिला मोजतात, फुटांत आणि इंचांत. एक माणूस मिशांवर लक्ष ठेवायला डोक्याशी बसतो, नाहीतर त्या लगेच चोरीला जातात. मग फोटो, त्यात पाहुणे, बंदूक आणि वाघीण. हाकारे चौकटीच्या बाहेर, मजुरीच्या वाटपाला ओळीत उभे आहेत. म्हातारा ओळीत नाही. तो खाली नाल्यात बसून हात धुतोय, बराच वेळ.

परवाना घेतलेल्या शिकारी, राजेरजवाड्यांच्या शिकारी, चोरट्या शिकारी, आणि पिकासाठी रान मोडून केलेली शेतं. हे सगळं मिळून काय झालं, ते कळायला फार वर्षं लागली नाहीत. चालत राहा. ऊन डोक्यावर येतंय.

दुपार. देवी आता तरुण झाली असेल. तुम्ही सुकलेल्या पाणवठ्याच्या काठावर गुडघे टेकून बसला आहात आणि हातात काचेचा एक तुकडा आहे. १९७२ आहे, उन्हाळा. देशात वाघाच्या शिकारीवर बंदी येऊन दोन वर्षं होत आली आहेत, आणि आता सरकारला जाणून घ्यायचंय की उरले किती. शेजारी वनरक्षक आहे. चिखलातल्या ठशावर काच धरायची आणि वरून पेनानं त्याची रेघ उतरवून घ्यायची. चार बोटं, मागं गादी. नखं दिसत नाहीत, कारण चालताना वाघ ती आत ओढून घेतो. नराचा ठसा चौकोनाकडे झुकलेला, मादीचा लांबट. तुमचा हात थरथरतो आणि रेघ जराशी सुटते. वनरक्षक काही बोलत नाही, फक्त काच पुसून पुन्हा तुमच्या हातात देतो. या पद्धतीत चुका होत्या, हे पुढं सिद्ध झालं. आज कॅमेऱ्यांत मिळालेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, कारण कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पण देशभरच्या त्या रेघा गोळा होऊन जो आकडा आला, त्यानं दिल्ली हादरली. १,८२७. अख्ख्या भारतात.

त्याच वर्षी सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ रानांत आपल्या विदर्भाचं मेळघाट होतं. पेंच नव्हतं.

इथं क्षणभर काच खाली करा, पण या वेळी बाहेर रान नाही, तुमचंच गाव दिसतंय. १९७४ ची कोराडी. तलाव आहे, देऊळ आहे, आणि मधे, जिथं तुमच्या आठवणीत नेहमी वीज केंद्रच होतं, तिथं पोलादाचे सांगाडे, क्रेन आणि खूप माणसं. आसपासच्या गावांतले लोक बायकामुलांसह नव्या चिमणीकडे बघत उभे आहेत. पहिला संच १२० मेगावॅटचा. कोळसा जवळच्या खाणींतून येतो, पण नुसत्या कोळशानं वीज होत नाही. कोळशानं पाणी उकळायचं, वाफेनं चक्र फिरवायचं, आणि ती वाफ पुन्हा थंड करायला आणखी पाणी. हे पाणी पेंच प्रकल्पाचं. नागपूरच्या नळांना येतं, तेही नवेगाव खैरीच्या जलाशयातलं, त्याच नदीचं. आज शहराचं सांडपाणी शुद्ध करूनही कोराडीच्या संचांना दिलं जातं, पण तेही मुळात पेंचचंच की.

आणि १९७५ मध्ये याच नदीच्या काठावरचं २५७ चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं, पंडित जवाहरलाल नेहरूंच्या नावानं.

म्हणजे बघा, दोन वर्षांच्या आत एकाच नदीच्या वतीनं दोन शब्द दिले गेले. कोराडीला सांगितलं, तुला पाणी मिळेल. वाघाला सांगितलं, तुला रान मिळेल. दोन्ही शब्द मनापासून दिलेले होते, यावर माझा विश्वास आहे. पण नदी एकच होती. पुढची पंधरा वर्षं तिनं दोघांचं ओझं वाहिलं. तिच्यावरचं तोतलाडोहचं धरण १९८९ मध्ये पूर्ण झालं आणि सुमारे ७२ चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. तिचा बराचसा भाग मध्य प्रदेशाच्या बाजूचा. नदीकाठची जंगलं, जिथं उन्हाळ्यात हिरवं गवत टिकायचं आणि चितळं उतरायची, ती आधी बुडाली. धरण बांधायला आलेली माणसं तिथंच राहून मासे धरू लागली. रान राखीव झाल्यावर त्यांनाही उठावं लागलं. ज्यांनी भिंत बांधली, त्यांना त्या पाण्यात जाळं टाकायची मुभा उरली नाही. हे लिहिताना मला वाघाची बाजू सोडवत नाही आणि त्यांचीही सोडवत नाही.

उन्हं कलली. काच आता वरच राहू द्या. तुम्ही आजच्या दिवसात आहात, पेंचच्या सिल्लारी नाक्यावर. ओळखपत्रं तपासून झाली, मोबाईल बंद करून पिशवीत गेले. उघड्या जिप्सीत सहा जण, पुढं चालक, शेजारी गाइड. गाइड जवळच्याच गावचा पोरगा आहे, खाकी सदरा, गळ्यात दुर्बीण. तो म्हणतो, “वाघ दिसणं नशिबाचं हाय जी. रान पाहून घ्या आधी.”

आणि रान बघण्यासारखं आहे. साग आता पानं टाकू लागलाय, जमिनीवर ताटाएवढी तपकिरी पानं. धावडा, ऐन, तेंदू. मधेच पांढऱ्याफट्ट खोडाचा कुल्लू एकटाच उभा. अंधारात भुतासारखा दिसतो म्हणून पोरं त्याला घाबरतात. वानरं शेंड्यावर पानं खातायत आणि खाली चितळं त्यांनी टाकलेला पाला वेचतायत. ही जुनी भागीदारी. वरच्याला लांबचं दिसतं, खालच्याला वास येतो, दोघं मिळून पहारा करतात.

गाइड काही गोष्टी हळू आवाजात सांगत जातो. १९९९ मध्ये हा व्याघ्र प्रकल्प झाला. नदीपलीकडच्या पेंचमधली कॉलरवाली वाघीण, आठ वेळा व्यायली आणि २९ बछडे दिले, २०२२ च्या जानेवारीत गेली. वाघाला राज्याची हद्द कळत नाही, म्हणून तिचं रक्त इकडेही असणारच, असं त्याला वाटतं. सकाळी तुम्ही ज्या महामार्गानं आलात, तो पुढे रानातून जातो तिथं पुलांसारखा उचलला आहे, एका ठिकाणी तर पाऊण किलोमीटर. वर ट्रक धावतात आणि खालून वाघ जातात, कॅमेऱ्यांत त्यांचे फोटो आलेत. २००६ च्या गणतीत देशात १,४११ वाघ उरले होते, २०२२ मध्ये ३,६८२ चा अंदाज आला. तो आकडे पाठ केल्यासारखे म्हणत नाही, घरच्या माणसांची खुशाली सांगावी तसे सांगतो.

अचानक तो हात वर करतो. चालक इंजिन बंद करतो.

“थांबा जी. सांबर बोलून राह्यलं.”

डावीकडच्या नाल्यातून एकच मोठा आवाज. ढाँक. तुम्ही श्वास धरता. चितळ पानाच्या सळसळीलाही घाबरून ओरडतं, पण सांबर उगाच बोलत नाही. पुन्हा ढाँक, या वेळी जवळ. वानर खाकरतं. इंजिनाचं तापलेलं लोखंड गार होताना टिकटिकतं, आणि त्या आवाजाचीसुद्धा तुम्हाला भीती वाटते. १९५५ मधली ती टकटक तुमच्या कानात आहे. आज झाडांवर कोणी बसलेलं नाही. वाघिणीला वाटेल तिकडे ती वळेल. कदाचित तुमच्यापासून लांब.

ती लांब वळत नाही.

आधी गवत बाजूला होतं, मग खांदे येतात. ती रस्त्यावर येते तेव्हा रंगाआधी तुम्हाला तिचं वजन जाणवतं. पंजा टेकतो, खांद्याचं हाड कातडीखाली वर जातं, खाली येतं, आणि एवढा मोठा जीव चालतोय तरी सुकलेल्या सागाच्या पानाचा आवाज होत नाही. ती जिप्सीकडे बघते. डोळ्यांत राग नाही, ओळख नाही, कुतूहलही नाही. एका झाडाशी थांबते, पाठ फिरवते, शेपूट उचलते आणि खोडावर फवारा सोडते. वारा तुमच्या बाजूला आहे. दोन क्षणांनी जो वास येतो, तो तुम्ही ओळखता आणि चक्रावता. भंडाऱ्याकडच्या मावशीच्या घरी चिन्नोर शिजताना येतो तसा, गरम सुवासिक भाताचा. खरंच तसाच, कारण सुवासिक तांदळात ज्या द्रव्यामुळं तो वास असतो, तेच द्रव्य वाघाच्या या खुणेत सापडलेलं आहे. तो तिचा निरोप आहे: इथून मी गेले, हे माझं आहे.

मग ती रस्ता ओलांडते आणि धरणाच्या बाजूला उतरते. गवत जुळून येतं. कुणी बोलत नाही. तुमच्या शेजारच्या बाई रडतायत आणि हसतायत, दोन्ही.

गाइड खालच्या आवाजात म्हणतो, “आमचा बुढा हाक्याले जायचा. माह्या बाबाचा आजा. वाघ पाह्यला की हात धुवत बसे म्हणते.”

तुम्ही त्याच्याकडे बघता. तो दुर्बीण पुसतोय.

रात्र. देवी आता म्हातारी झाली असेल. तुम्ही परत फिरलेला नाही, सिल्लारीतच मुक्काम आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंचच्या या भागाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक पथदिवे बदलून खाली तोंड करून लावले, उजेड आभाळात जाऊ नये म्हणून. पाच मिनिटं अंधारात उभे राहा. मग कृत्तिकांतले तारे सुटे दिसू लागतात. मृग पूर्वेकडून वर आलाय. आणि तुम्हाला कळतं की कोराडीत आपण इतकी वर्षं आभाळाचा फार थोडा भाग बघत होतो.

फक्त दक्षिणेला, झाडांच्या रेघेवर, फिकट पिवळसर उजेड आहे, चंद्र उगवण्याआधी असतो तसा. चंद्र दक्षिणेला उगवत नाही.

“तो कशाचा?” तुम्ही विचारता, उत्तर माहीत असून.

“नागपूर, कोराडी,” गाइड म्हणतो. “आमची लाईन तिकडूनच येते ना जी. तुम्ही कुठले?”

तुम्ही सांगता. तो हसतो, अंधारात दात तेवढे दिसतात. काहीतरी बोलायला तोंड उघडतो, तेवढ्यात धरणाच्या बाजूनं, जिकडे ती उतरली होती तिकडून, सांबर बोलतं. एकदा. तो हात वर करतो. तुम्ही दोघंही पाण्याकडे कान लावून उभे राहता.